बारावीनंतर थेट व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का?

धागा : निवृत्त वाणिज्य शिक्षक, नौपाडा, ठाणे

माझी भाची घोडबंदर रस्त्यावर राहते. ती वाणिज्य शाखेतून बारावी झाली असून तिला व्यवस्थापनाच्या पदवीला, म्हणजे बीएमएस किंवा बीबीएला जायचे आहे. तिच्या वडिलांनी माझे मत विचारले आणि मी ‘नको’ म्हणालो. त्यावरून घरात बराच वाद झाला, म्हणून माझी भूमिका कारणांसह येथे मांडतो. ज्यांना ती पटत नसेल, त्यांनी आपला विरोध मोकळेपणाने लिहावा.

माझ्या मते व्यवस्थापन हा पहिल्या पदवीचा विषय नाही. जो विद्यार्थी अजून एकाही दुकानात, कारखान्यात किंवा कार्यालयात काम करण्यासाठी बसलेला नाही, त्याला माणसे कशी सांभाळावीत हे शिकवताना त्याच्या मनात त्या शिकवणीला धरून ठेवणारा एकही प्रसंग नसतो. मॅस्लोची गरजांची उतरंड, म्हणजे माणसाच्या गरजा पायरीपायरीने मांडणारा सिद्धांत, अठराव्या वर्षी तोंडपाठ होते. पण पगारवाढ नाकारलेला कामगार तिसऱ्या दिवशी कामावर का येत नाही, हे ज्याने जवळून पाहिलेले नाही, त्याच्यासाठी ती उतरंड पाच गुणांच्या उत्तरापलीकडे जात नाही. आपल्याकडे हा विषय पदवीनंतरचा म्हणूनच रुजला. १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद येथे आयआयएम या व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या, १९६५ साली मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था सुरू झाली, आणि या ठिकाणी येणारे विद्यार्थी आधी कोणती ना कोणती पदवी घेऊन येत असत. मुंबई विद्यापीठाचा बीएमएस त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनी, १९९९ च्या सुमारास आला.

दुसरे कारण खोलीचे आहे. या पदवीत लेखाशास्त्र, सांख्यिकी, विपणन, मनुष्यबळ, कायदा आणि अर्थशास्त्र असे सर्वच थोडे थोडे असते. बीकॉमचा विद्यार्थी तीन वर्षे रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद यांत बुडालेला असतो, त्यामुळे त्याला एक तरी काम नक्की येते. बीएमएस झालेले माझे अनेक विद्यार्थी पुढे एमबीएच्या रांगेत उभे राहिले आणि पहिल्या वर्षी त्यांनी जवळपास तेच विषय पुन्हा अभ्यासले.

तिसरे कारण अलीकडचे आहे. २०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस आणि संगणकाची बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. तेव्हा त्या कक्षेबाहेर राहण्यासाठी मुंबई विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांनी आपल्या बीएमएसचे नाव ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ असे करून घेतले. प्रवेशाच्या तोंडावर ज्या पदवीचे नाव बदलते, तिच्यावर मुलीची तीन वर्षे लावताना मला धीर होत नाही.

प्रतिसाद : आयात विभागात नोकरी, सानपाडा

सर, आपल्या तिन्ही मुद्द्यांशी मी असहमत आहे आणि पहिल्याशी सर्वांत जास्त. मी २०१६ साली बीएमएस झाले. सध्या वाशीच्या एका फ्रेट फॉरवर्डिंग (मालवाहतुकीची व्यवस्था करणाऱ्या) कार्यालयात आयातीचे काम पाहते.

नोकरीच्या अगदी सुरुवातीला न्हावा शेवा बंदरात एका लहान आयातदाराचा कंटेनर येऊन पडला होता. बिल ऑफ एंट्री, म्हणजे सीमाशुल्कासाठीचे आयातीचे कागद, दाखल करायचे होते, तो फोन उचलत नव्हता आणि दिवसागणिक डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचा आकार, चढत होते. आमच्या वरिष्ठांना या कामाचा वीस वर्षांचा अनुभव होता, पण ‘हा माणूस बेजबाबदार आहे’ यापलीकडे ते जात नव्हते. मला मात्र दुसऱ्या वर्षी वर्गात फळ्यावर काढलेले खेळत्या भांडवलाचे चक्र आठवले. पुरवठादाराला आगाऊ रक्कम द्यायची, माल समुद्रावर असेपर्यंत थांबायचे, मग सीमाशुल्क भरायचे, मग माल उधारीवर विकायचा आणि त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पैसे हाती यायचे. मी त्या आयातदाराला ‘शुल्क भरायला अडचण आहे का’ एवढेच विचारले, तेव्हा तो मोकळा झाला. पुढे माल बाँडेड गोदामात, म्हणजे शुल्क न भरता माल ठेवता येणाऱ्या गोदामात, ठेवून जेवढा उचलायचा तेवढ्यापुरतेच शुल्क भरण्याची व्यवस्था झाली. बाँडचा मार्ग वरिष्ठांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगला माहीत होता, पण समोरच्याचा प्रश्न कोणता आहे हे त्यांनी त्याला विचारलेच नव्हते. अनुभवाशिवाय सिद्धांत कळत नाही असे आपण म्हणता. माझ्या बाबतीत सिद्धांत आधी मनात होता, म्हणून मला त्या अनुभवातून काही दिसले.

इतिहासाबद्दल आपण जे लिहिले ते बरोबर आहे, परंतु अपुरे आहे. आयआयएम इंदूरने २०११ पासून बारावी झालेल्या मुलांसाठी पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम सुरू केला. अठरावे वर्ष या विषयासाठी फार लवकर असते, असे त्या संस्थेला वाटले नाही.

पदवीचे नाव बदलण्याबद्दलचा राग मी समजू शकते, पण तो महाविद्यालयांच्या सोयीवर असावा. त्यात विषयाचा काय दोष?

प्रतिसाद : पालक, कळवा

वरील दोन्ही लेखनांत पैशाचा उल्लेख नाही, म्हणून लिहितो. आमच्या परिसरातील बहुतेक महाविद्यालयांत बीकॉमच्या तुकड्या अनुदानित आहेत आणि व्यवस्थापनाची पदवी विनाअनुदानित आहे. इमारत तीच, ग्रंथालय तेच, काही वेळा शिकवणारे शिक्षकही तेच असतात; परंतु शुल्क कित्येक पटींनी वाढते. माझ्या मुलाला या पदवीची आवड आहे आणि मी कर्ज काढून ते शुल्क भरणार आहे, परंतु ज्या घरात एकच पगार येतो त्या घराला ‘आवड असेल तर घ्या’ असे सांगणे सोपे नसते.

सीईटीबद्दलही एक गोष्ट नोंदवतो. १०० प्रश्न आणि ९० मिनिटांच्या या परीक्षेत ४० प्रश्न इंग्रजी भाषेचे आहेत. माझा मुलगा दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकला. हिशोबात आणि तर्काच्या प्रश्नांत तो कोणाच्याही बरोबरीने बसतो. पण व्यवस्थापनासाठी लागणारी समज मोजण्याऐवजी त्याचे इंग्रजी मोजले जाते, तेव्हा ठाणे जिल्ह्यातील कितीतरी चांगली मुले दारातच थांबतात. पदवी योग्य की अयोग्य हे ठरवण्याआधी तिच्या दाराचा विचार झाला पाहिजे.

धागालेखक

कळव्याच्या पालकांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे आणि ते माझ्या लेखनात यायला हवे होते.

सानपाड्याच्या ताईंना मात्र उत्तर देतो. इंदूरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा असून त्याचा शेवट पदव्युत्तर शिक्षणाने होतो. तीन वर्षांत बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याशी त्याची तुलना करणे योग्य नाही. आपण सांगितलेला प्रसंग सुंदर आहे, परंतु खेळत्या भांडवलाचे चक्र बीकॉमच्या वर्गातही शिकवले जाते. मी स्वतः ते अनेक वर्षे शिकवले. आणि शिक्षण व काम यांची खरी सांगड कशी घालावी हे पाहायचे असेल, तर सनदी लेखापालांच्या (सीए) शिक्षणाकडे पाहावे. २०२३ च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे लेखापालाच्या हाताखालची उमेदवारी, तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, तरीही सीएचा विद्यार्थी दोन वर्षे प्रत्यक्ष कार्यालयात बसतो, लोकांची पुस्तके तपासतो, चुका करतो आणि बोलणी खातो. व्यवस्थापनाच्या पदवीत त्याच्या जवळपास जाणारे काय आहे, ते कोणी सांगावे.

प्रतिसाद : भरतीचे काम, ऐरोली

मी थोडक्यात लिहितो. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत बीकॉम, बीएमएस आणि बीबीए असे सर्वच असतात आणि पदवीच्या नावावरून मी कोणालाही पुढे किंवा मागे सारत नाही. मी प्रत्येकाला त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी एक प्रश्न विचारतो : माहिती गोळा करायला तुम्ही कोठे गेला होता आणि तेथे तुम्हाला कोणी नकार दिला का? ज्याने प्रकल्प खरोखर केला आहे, त्याला नकार मिळालेला असतोच आणि तो त्याविषयी भरभरून बोलतो. पण प्रकल्प तयार मिळतात, बांधून मिळतात आणि त्यांतील प्रश्नावलीची उत्तरे वसतिगृहाच्या खोलीत बसून भरली जातात, हे मी दरवर्षी पाहतो आणि मला त्याचे फार वाईट वाटते. या पदवीतील सर्वांत मोलाचे काम विद्यार्थी स्वतःच्या हाताने टाकून देतात आणि शिक्षक त्यावर सही करतात.

प्रतिसाद : मसाल्याचे व्यापारी, तुर्भे

माझा मुलगा बीएमएस होऊन दोन वर्षांपूर्वी आमच्या गाळ्यावर बसायला लागला, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

पहिले वर्ष अवघड गेले. त्याने मनुष्यबळ व्यवस्थापनाचे विषय घेतले होते, परंतु बाजार समितीत माल उतरवणाऱ्या माथाडी कामगारांची मजुरी थेट त्यांच्या हातात न देता लेव्हीसह (मजुरीवरील ठरावीक जादा आकारासह) माथाडी मंडळाकडे भरायची असते, हे त्याला ठाऊक नव्हते. हा कायदा १९६९ सालचा आहे, महाराष्ट्राचा स्वतःचा आहे, हमालीचे काम करणाऱ्या माणसाला भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना त्याच्यामुळे मिळाला. ज्या नवी मुंबईत हजारो माथाडी राहतात, तेथे मनुष्यबळाची पदवी घेतलेल्या मुलाला त्याची ओळखही नसावी, याचा मला राग आला आणि तो राग मुलावर नव्हता. परदेशी कंपन्यांची उदाहरणे त्याला पाठ होती. महाविद्यालयापासून काही किलोमीटरवर असलेला बाजार कोणी त्याला दाखवला नव्हता.

तरीही नौपाड्याच्या सरांशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही, कारण दुसऱ्या वर्षी त्याने जे केले ते मला तीस वर्षांत सुचले नव्हते. आमची उधारी मी गिऱ्हाइकाच्या नावाने लिहीत असे आणि ज्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे आधी मागत असे. त्याने तीच उधारी मुदतवार मांडली : तीस दिवसांची, साठ दिवसांची, नव्वदच्या पुढची. तेव्हा दिसले की ज्याला मी मोठा देणेकरी समजून रोज फोन करत होतो, तो वेळेवर देणारा होता; आणि तीन-चार लहान दुकानदारांकडची जुनी रक्कम कोणाच्या लक्षात न येता कुजत होती. हळद आणि जिरे भरून ठेवायच्या दिवसांत त्यातली बरीचशी रक्कम वसूल झाली. ही मांडणी त्याने वर्गात शिकली होती, हे मी त्याच्याच तोंडून ऐकले.

प्रतिसाद : आयात विभागात नोकरी, सानपाडा

तुर्भ्याच्या काकांनी माथाडी कायद्याविषयी लिहिले ते वाचून मला माझीच पुस्तके आठवली. बंदर, बाजार समिती, ठाणे-बेलापूर रस्त्यावरील कारखाने, वागळे इस्टेटमधील लहान उद्योग, इतके सारे आमच्याभोवती असताना आमच्या अभ्यासात यातले काहीच नव्हते. सरांच्या आक्षेपातील हा भाग मी स्वीकारते. मात्र त्यावरून ‘ही पदवी नको’ असा निष्कर्ष मला निघताना दिसत नाही. ‘ही पदवी अशी शिकवू नका’ असा निघतो. आर्टिकलशिपबद्दल म्हणाल, तर नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या राज्यात तीन वर्षांच्या पदवीतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. ते ४ श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे १२० तासांचे असते.

प्रतिसाद : तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोपरखैरणे

१२० तास ऐकायला बरे वाटतात, म्हणून प्रत्यक्षात काय होते ते सांगते. आमच्या वर्गातील अनेकांनी नातेवाइकांच्या कार्यालयातून शिक्का मारलेले पत्र आणले आणि ते स्वीकारले गेले. मी खरोखर काम शोधत होते, परंतु पंधरा ठिकाणी विचारूनही ‘इतक्या कमी दिवसांसाठी आम्ही कोणाला शिकवत नाही’ हेच उत्तर मिळाले, आणि महाविद्यालयाने एकाही कंपनीशी बोलणे केलेले नव्हते. आम्ही पळवाट शोधतो असे म्हणणाऱ्यांनी आम्हाला दार उघडून द्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रतिसाद : मसाल्याचे व्यापारी, तुर्भे

मुली, आमच्या गाळ्यावर ये. पूर्ण १२० तास काम मिळेल आणि खोटे पत्र मिळणार नाही. सरांच्या भाचीनेही यावे. आवक पहाटेपासून असते, पण तिने दहा वाजता आले तरी चालेल. माझा मुलगा तिला उधारीच्या वह्या दाखवेल आणि माथाडी मंडळाचा भरणाही समजावून सांगेल.

धागालेखक

विद्यार्थिनीचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मीही शिक्षक म्हणून अशा पत्रांवर आणि प्रकल्पांवर कधी काळी सह्या केल्या आहेत. ऐरोलीच्या गृहस्थांनी लिहिले ते मला लागले आणि ते लागायलाच हवे होते.

माझे मत मी अजून बदललेले नाही. तीन वर्षांत सर्व विषयांना हात लावण्यापेक्षा एक विषय खोलवर शिकावा, असेच मला वाटते. परंतु भाचीला ‘नको’ म्हणताना मी तिला बाजार दाखवला नव्हता आणि तिच्या आवडीचे कारणही विचारले नव्हते. काल विचारले, तेव्हा ती म्हणाली की तिच्या आईचा पोळी-भाजीचा व्यवसाय तीन वर्षांपासून चाळीस डब्यांवर का अडकून आहे, हे तिला समजून घ्यायचे आहे.

तुर्भ्याचे निमंत्रण आम्ही स्वीकारत आहोत. सोमवारी सकाळी ठाण्याहून गाडी पकडून मी स्वतः तिला घेऊन येतो. प्रवेशाचा अर्ज कोणत्या पदवीचा भरायचा, हे महिनाभर उधारीची वही लिहिल्यानंतर भाची आणि तिची आई ठरवतील.