एका मंत्र्याच्या हाती हा अधिकार नको

‘दहशतवादाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेची करसवलत गेली तर बिघडलं कुठे?’ असं एच. आर. ९४९५ या अमेरिकन विधेयकाबद्दल काही जण विचारतात. अहो, अशा संघटनांना मदत करणं अमेरिकेत आधीपासूनच गंभीर गुन्हा आहे, आणि सरकारी दहशतवादी यादीतल्या संघटनांची करसवलत आजही निलंबित होते. मग या विधेयकात नवीन काय होतं? अर्थमंत्र्याने एखाद्या संस्थेला ‘दहशतवादाची समर्थक’ ठरवायची नोटीस धाडायची आणि ९० दिवसांत संस्थेने आपलं निर्दोषत्व दाखवायचं, नाहीतर करसवलत गेली! सगळा पुरावा समोर ठेवायचं बंधन सरकारवर नाही. कोर्टाचं दार उघडं आहे, पण शिक्का बसल्यावर. तोवर देणगीदार काढता पाय घेणार.

इथली, अमेरिकेतली बहुतेक महाराष्ट्र मंडळं ५०१(सी)(३) या करमुक्त सेवाभावी संस्थांच्या कलमाखालीच नोंदलेली आहेत. गणपतीची वर्गणी, मराठी शाळेच्या वर्गाचं भाडं, कर्मचाऱ्याच्या देणगीला जोडून कंपनी देते ती जोडदेणगी, सगळं त्या एका दर्जावर चालतं. नोकरी सांभाळून हिशेब लिहिणारा खजिनदार वकिलाची फी कुठून आणणार? मंडळांवर उद्याच गदा येईल असं मी म्हणत नाही. पण गाझा किंवा स्थलांतरितांसाठी काम करणाऱ्यांना ही भीती आजच आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये हे विधेयक प्रतिनिधीगृहात २१९ विरुद्ध १८४ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडलं. मे २०२५ मध्ये तेच कलम मोठ्या कर विधेयकात घुसवलं होतं, नंतर वगळलं. पुन्हा येऊ शकतं. एच. आर. ९४९५ मध्ये परदेशात ओलीस ठेवलेल्या अमेरिकनांना कर उशिरा भरल्याच्या दंडातून सूटही होती; ती जरूर द्या, पण वेगळ्या विधेयकाने. आपापल्या प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन करून एवढं तरी सांगाच.