टाळी अजून जागेवर पडते
जुने रॉक बँड केवळ मार्केटिंगवर तगून आहेत, हे मत मला अर्धंच पटलं. क्वीन या ब्रिटिश बँडचंच बघा. त्यांचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गाणं १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, १९९१ मध्ये त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी वारल्यावर पुन्हा. फ्रेडीवरच्या २०१८ च्या सिनेमानं आणखी एक पिढी ओढली. याला मार्केटिंग म्हणा हवं तर. पण त्यांच्या 'वी विल रॉक यू' या गाण्याचं काय? दोनदा पाय आपटायचे, एक टाळी. गिटारिस्ट ब्रायन मेनं ते रचलंच मुळी गर्दीला सोबत वाजवता यावं म्हणून. माझ्या पाच वर्षांच्या भाचीला शब्द ओ की ठो कळत नाहीत, टाळी मात्र बरोब्बर जागेवर पडते! (आणि हो, फ्रेडी शिकला आपल्या पाचगणीत. 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तिथल्या शाळेतलाच.)