सल्ला हवा: स्कूबा शिकण्यापूर्वी शरीराची किती तयारी असावी?

नमस्कार. मी बडोद्यात दांडिया बाजार परिसरात राहतो, वय ४८. डिसेंबरात अंदमानला ओपन वॉटर हा स्कूबाचा (सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याचा) प्राथमिक अभ्यासक्रम करण्याचा आणि पुढे जमल्यास रिब्रीदर (सोडलेला श्वास पुन्हा वापरणारे उपकरण) शिकण्याचा विचार आहे. रोज कमाटीबागेत तासभर चालतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. पाण्यात वजन जाणवत नसल्याने तंदुरुस्तीला फारसे महत्त्व नाही, असे एक मित्र म्हणतो. हे कितपत खरे आहे?

प्रतिसाद १
आपल्या मित्राचे म्हणणे मला धोक्याचे वाटते. पाण्यात उतरताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते व हृदयावरचा भार वाढतो. उच्च रक्तदाब असलेल्यांमध्ये क्वचित यातूनच फुप्फुसांत पाणी साठते. त्यामुळे वैद्यकीय प्रश्नावलीत गोळीचा उल्लेख अवश्य करावा आणि हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ट्रेडमिल चाचणी करून घ्यावी. गोळी बीटा-ब्लॉकर वर्गातील असल्यास श्रमाच्या वेळी हृदयाचा वेग पुरेसा वाढत नाही, हेही त्यांच्याशी बोलावे.

अभ्यासक्रमासाठी २०० मीटर पोहणे आणि १० मिनिटे तरंगणे पुरते, वेळेची अट नसते. परंतु प्रवाहाविरुद्ध पाय मारताना किंवा सिलिंडरसह बोटीची शिडी चढताना जी राखीव ताकद लागते, ती केवळ चालण्याने येत नाही.

रिब्रीदरमध्ये हा प्रश्न अधिक गंभीर होतो. सोडलेला श्वास त्यात पुन्हा फिरतो आणि त्यातील कार्बन डायऑक्साइड सोडा लाइम हे रसायन शोषून घेते. श्रम वाढले की शरीर हा वायू अधिक तयार करते, शोषक लवकर संपतो. शिवाय ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या ४ पट असल्याने श्वासाचा वायू दाट होतो आणि श्वास घेणेच कष्टाचे ठरते. तेथे लागलेली धाप केवळ विश्रांतीने आवरेलच असे नाही. वेळीच राखीव सिलिंडरवर यावे लागते, आणि धापेने घाबरलेल्या माणसाला नेमके तेच कठीण जाते. रिब्रीदर काही वर्षांनीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २
सहमत. तरणतलावात पायांना फिन्स (पोहण्याचे रबरी पंख) लावून दम न लागता सलग पोहण्याचा सराव करावा; जोडीला अधूनमधून पावागडाच्या पायऱ्या चढाव्यात. मात्र डाइव्हनंतर लगेच जड व्यायाम टाळावा, कारण रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका त्याने वाढतो. अनेक डाइव्ह झाल्यावर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यावेत.

धागाकर्ता
मनःपूर्वक आभार. माझी गोळी मेटोप्रोलॉल आहे. ती याच वर्गातील का?

प्रतिसाद १
होय, परंतु ती स्वतःहून बंद करू नये. डॉक्टरांची भेट आधी घ्यावी, अभ्यासक्रमाचे पैसे त्यानंतरच भरावेत.