घरातलं विजेचं पॅनल बदलायचंय (कॅलिफोर्निया), इलेक्ट्रिशियनचं लायसन्स आणि जुनी परमिटं कशी तपासायची?

रानजाई:
नमस्कार मंडळी, आम्ही सनीवेलला राहतो, घर बरंच जुनं, पॅनल अजून १०० अँपचंच. ईव्ही घेतली म्हणून चार्जरसाठी एकाला बोलावलं, त्याने पॅनलचं दार उघडून दाखवलं तर एका ब्रेकरखालची पट्टी काळी पडलीय, म्हणाला आधी २०० अँपचं पॅनल करून घ्या. माणूस बोलायला चांगला आहे, कोटेशनही बाकी दोघांपेक्षा कमी, पण म्हणतो परमिट तुम्हीच घरमालक म्हणून काढा, लवकर मिळतं, आणि अर्धे पैसे आधी द्या. नवरा म्हणतोय देऊन टाकू काम. मला मात्र झोप नाहीये, घरात दोन लहान मुलं, पुण्याहून सासूबाई आल्यात. लायसन्स नंबर दिलाय त्याने, तेवढं पुरतं का? आधीच्या कामांची परमिटं कुठे बघता येतात का?

सांजवेळ:
ताई, पैसे अजिबात देऊ नका अजून. इथे घराच्या अशा कामाला ॲडव्हान्स १० टक्के किंवा १००० डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढाच घेता येतो, अगदी थोडे अपवाद सोडले तर. आणि परमिट तुमच्या नावावर काढलं की तुम्ही ओनर-बिल्डर झालात, काम चुकलं किंवा त्याचा माणूस शिडीवरून पडला तर निस्तरायचं तुम्ही. ज्याचं सगळं नीट आहे तो परमिट स्वतःच्या नावावर काढतो, त्याला कसली घाई?
सीएसएलबीच्या (कॉन्ट्रॅक्टरना लायसन्स देणारं राज्याचं बोर्ड) साइटवर तो नंबर टाका. स्टेटस ॲक्टिव्ह आहे ना, वर्गात सी-१० लिहिलंय ना (इलेक्ट्रिकल म्हणजे सी-१०), २५,००० डॉलरचा बाँड (भरपाईची हमी) चालू आहे का आणि वर्कर्स कॉम्प (कामगारांना इजा झाली तर त्यासाठीचा विमा) आहे का ते बघा. तिथे एक्झेम्प्ट (कामगार नाहीत म्हणून विम्यातून सूट) लिहिलंय आणि कामाला मात्र तीन माणसं येणार असतील तर सरळ विचारा की हे कोण. नावही जुळवा, दुसऱ्याचा नंबर कार्डावर छापणारे असतात, म्हणून लायसन्सचं कार्ड आणि फोटो आयडी दोन्ही मागायचं.

तारवाला:
मी सॅन होजेत एका सी-१० कॉन्ट्रॅक्टरकडे काम करतो. वर लिहिलंय ते बरोबर, त्यात एक भर घालतो, सी-१० कडे काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनला राज्याचं सर्टिफिकेशन लागतं, शिकाऊ असेल तर त्याच्यावर सर्टिफाइड माणूस हवा, हे विचारलं म्हणून कुणाला राग यायचं कारण नाही.
परमिटांचं म्हणाल तर ती सिटीकडे असतात आणि बहुतेक पोर्टलवर पत्त्याने शोधायची असतात, कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने सगळीकडे सापडत नाहीत. म्हणून त्याच्याकडून मागच्या वर्षभरातल्या तीन पॅनलच्या कामांचे पत्ते मागा आणि त्या त्या सिटीच्या पोर्टलवर टाकून बघा. नुसतं परमिट काढलंय यावर खूश होऊ नका, फायनल झालंय का, म्हणजे शेवटचं इन्स्पेक्शन पास झालंय का, ते बघा. काढलं आणि एक्स्पायर झालं, याचा अर्थ शेवटचं इन्स्पेक्शन झालंच नाही. पत्ते द्यायला टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या.

ओसरी:
हे फायनलचं फार महत्त्वाचं आहे हो. आम्ही घर विकायला काढलं तेव्हा कळलं की सहा वर्षांपूर्वीचं आमचं पॅनलचं परमिट उघडंच राहिलंय, कॉन्ट्रॅक्टर फोन उचलेना, शेवटी दुसऱ्याला पैसे देऊन भिंत फोडून वायरिंग दाखवावं लागलं. इन्स्पेक्टरने सही केलेल्या जॉब कार्डाचा फोटो हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच सीएसएलबीवर बघितलं, नंबर खरा आहे, ॲक्टिव्ह आहे, नावही त्याचंच, पण वर्ग सी-२०, म्हणजे हीटिंग आणि एसीचा! सी-१० नाहीच. नवऱ्याला स्क्रीन दाखवली, तो गप्पच झाला. बाकी दोघांना मेसेज केला की तीन कामांचे पत्ते पाठवा, एकाने दहा मिनिटांत पाठवले, दोन माउंटन व्ह्यूचे आणि एक क्युपर्टिनोचा, आणि लिहिलंय परमिट मीच काढतो, तुम्ही काढू नका. क्युपर्टिनोचं बघितलं, फायनल आहे. बाकीची दोन आता बघते.