ग्लिओब्लास्टोमा की अ‍ॅस्ट्रोसायटोमा? दोन रिपोर्टांत दोन नावे का?

प्रश्नकर्ता, नाशिक

नमस्कार. माझ्या मेहुण्यांच्या मेंदूतील गाठीची पहिली शस्त्रक्रिया २०२० मध्ये येथे नाशिकलाच झाली, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. त्या वेळच्या रिपोर्टमध्ये ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ४’ असे लिहिले होते. आता गाठ पुन्हा वाढल्याने दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि नव्या रिपोर्टमध्ये ‘अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट, ग्रेड ४’ असे आले आहे. आजार बदलला की पहिला रिपोर्ट चुकला होता, असे सासूबाई रोज विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय बायोटेक्नॉलॉजी शिकणारा माझा भाचा म्हणतो की या गाठीचे प्रोन्यूरल, न्यूरल, क्लासिकल आणि मेसेन्कायमल असे चार जनुकीय प्रकार असतात. त्यांपैकी एकाचाही उल्लेख आमच्या कागदांत नाही. ही तपासणी राहून गेली आहे का?

पॅथॉलॉजिस्ट

आपण लिहिले आहे त्यावरून दोन्ही रिपोर्ट आपापल्या काळात बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या वर्गीकरणात ‘ग्लिओब्लास्टोमा, आयडीएच-म्युटंट’ हे नाव होते. २०२१ च्या वर्गीकरणाने ते काढून टाकले, ‘ग्लिओब्लास्टोमा’ हा शब्द प्रौढांमधील आयडीएच-वाइल्डटाइप, म्हणजे आयडीएच जनुकांत म्युटेशन (बदल) नसलेल्या, गाठींपुरता राखून ठेवला आणि आपल्या मेहुण्यांसारख्या गाठीला अ‍ॅस्ट्रोसायटोमा ग्रेड ४ म्हणायचे ठरवले. गाठ तीच आहे, नाव बदलले आहे.

हा बदल वरवरचा नाही. आयडीएच१ जनुकातील म्युटेशन २००८ मध्ये ग्लिओब्लास्टोमाच्या नमुन्यांत सापडले, तेव्हाच दिसले की ते बहुधा तरुण रुग्णांत असते आणि हे रुग्ण तुलनेने अधिक काळ जगतात. या म्युटेशनमुळे बिघडलेले एन्झाइम एक वेगळेच रसायन तयार करते, ते पेशीत साठते आणि डीएनएवरील, जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या मिथाइल खुणांची घडी विस्कटते. गाठीची सुरुवातच वेगळ्या वाटेने होते, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही गाठी सारख्या दिसल्या तरी त्यांना एका नावाखाली ठेवणे मला कधीच पटत नव्हते.

आम्ही हे रोज कसे पाहतो तेही सांगते. आर१३२एच या नेहमीच्या म्युटेशनसाठी स्लाइड रंगवली की गाठीच्या पेशी तपकिरी होतात आणि मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या पेशी निळसरच राहतात. एटीआरएक्सच्या स्लाइडवर याच्या नेमके उलटे दिसते, कारण अ‍ॅस्ट्रोसायटोमात हे प्रथिन बहुधा हरवलेले असते: रक्तवाहिन्यांची केंद्रके तपकिरी आणि गाठीची निळी. एटीआरएक्स शाबूत असेल, तर १पी आणि १९क्यू हे गुणसूत्रांचे तुकडे दोन्ही गेले आहेत का ते तपासावे लागते. गेले असतील तर ती ऑलिगोडेंड्रोग्लिओमा ही वेगळ्या प्रकारची गाठ ठरते.

आता ग्रेड, म्हणजे गाठीच्या आक्रमकतेची पायरी, हीही केवळ डोळ्यांनी ठरत नाही. आयडीएच-म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन२ए/बी जनुकाच्या दोन्ही प्रती गेल्या असतील, तर मृत पेशींचे पट्टे दिसत नसले तरी ग्रेड ४ द्यावा लागतो. याउलट प्रौढाची आयडीएच-वाइल्डटाइप गाठ सौम्य दिसत असली, तरी टर्ट जनुकाच्या प्रमोटरमधील (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागातील) म्युटेशन, ईजीएफआर जनुकाच्या वाढलेल्या प्रती, किंवा सातवे गुणसूत्र वाढून दहावे जाणे, यांपैकी एक जरी सापडले तरी तिला ग्लिओब्लास्टोमाच म्हणतात.

संशोधक विद्यार्थी

भाच्याने सांगितलेले चार प्रकार २०१० मधल्या टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकीय अभ्यासाच्या अमेरिकी प्रकल्पातले आहेत. ते एकेका म्युटेशनवरून नव्हे, तर शेकडो जनुके किती सक्रिय आहेत त्यावरून पाडले होते. क्लासिकलमध्ये ईजीएफआर, मेसेन्कायमलमध्ये एनएफ१, प्रोन्यूरलमध्ये पीडीजीएफआरए आणि आयडीएच१ या जनुकांचे बदल अधिक आढळले. न्यूरल हा प्रकार २०१७ मध्ये गळाला, कारण तो नमुन्यात मिसळलेल्या निरोगी मेंदूपेशींचा परिणाम असल्याचे दिसून आले. त्याआधी २०१४ मध्ये पाच गाठींतील ४३० पेशी एकेक करून तपासल्या, तेव्हा एकाच गाठीत निरनिराळ्या प्रकारांच्या पेशी शेजारी शेजारी सापडल्या होत्या. त्यामुळे बायोप्सीच्या एका तुकड्यावरून संपूर्ण गाठीला असा शिक्का मारता येत नाही आणि त्यावर नेहमीचे उपचारही ठरत नाहीत. आपली तपासणी राहून गेलेली नाही. त्यापेक्षा एमजीएमटी प्रमोटर मिथिलेशनबद्दल, म्हणजे एमजीएमटी जनुकाच्या प्रमोटरवर मिथाइल खुणा आहेत का याबद्दल, जरूर विचारा. टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या औषधाने केलेली डीएनएची मोडतोड दुरुस्त करणारे हे जनुक मिथिलेशनमुळे बंद असेल, तर ते औषध अधिक परिणामकारक ठरण्याची शक्यता असते. मात्र गाठीचे नाव त्यावरून ठरत नाही.

नाशिकरोडचा एक नातेवाईक

वडिलांच्या वेळी दुसऱ्या मतासाठी परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचे ठरले, तेव्हा आमच्या लॅबने फक्त रंगवलेल्या स्लाइड दिल्या. जनुकीय तपासणीला मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) लागतो हे तिथे गेल्यावर समजले आणि सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दुसरी फेरी करावी लागली. त्या चार दिवसांची चुटपुट अजून आहे. दोन्ही शस्त्रक्रियांचे ब्लॉक क्रमांक पडताळून लेखी पोच देऊन घ्या आणि उन्हात उभ्या गाडीत ते ठेवू नका.

प्रश्नकर्ता, नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर ‘आर१३२एच पॉझिटिव्ह, एटीआरएक्स लॉस’ असे लिहिलेले सापडले आणि नव्या रिपोर्टमध्येही नेमके तेच शब्द आहेत. दोन्ही कागद शेजारी ठेवून सासूबाईंना त्या ओळी वाचून दाखवल्या. एमजीएमटीचा उल्लेख मात्र कुठेच नाही, म्हणून सोमवारी डॉक्टरांना तेवढेच विचारणार आहे. २०२० चा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला आहे, हे आज फोनवर समजले.