मदत हवी: हॅमस्ट्रिंग परत परत जातेय, रविवारच्या आत मार्ग सांगा

फुटाळा७
फुटबॉल क्लबच्या फिटनेसचं काम माझ्याकडे आहे. व्यावसायिक संघ, कंत्राटी खेळाडू, सराव नागपुरातच. या मोसमात चौघांची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मागची मांडी गेली, त्यातल्या दोघांची दुसऱ्यांदा. पोरगा बरा होतो, उतरतो, दोन-तीन सामने खेळतो आणि परत मांडी धरून खाली. स्ट्रेचिंग चालू आहे, बर्फ आहे, मसाजवाला आहे. मॅनेजमेंट रोज विचारते, काऊन होऊन राह्यलं असं? रविवारी सामना आहे आणि आमचा विंगर लागणारच आहे. नेमका कोणता व्यायाम लावू तेवढं सांगा. लिंका नकोत, वाचून झाल्यात.

सांधेदुरुस्ती
भाऊ, व्यायाम नंतर. आधी हे सांगा: दोघांची तीच मांडी, तीच जागा का? दुखतं कुठे, मधोमध की वर बसायच्या हाडाजवळ? पळताना गेली की पाय लांबवून चेंडू अडवताना? एमआरआय झालाय का?

विचारतेय कारण दोन्ही प्रकार वेगळे. भर वेगात जाते ती बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूची, बायसेप्स फिमोरिसचं लांब डोकं. पाय ताणला जाऊन जाते ती आतली सेमीमेम्ब्रेनोसस, अगदी वर. ही दुसरी फसवी. पहिल्या आठवड्यात खेळाडू म्हणतो काही विशेष नाही, आणि बरी व्हायला पहिलीपेक्षा जास्त वेळ घेते.

तर्रीपोहा
नॉर्डिक लावा, विषय संपला. गुडघे मॅटवर, जोडीदार घोटे दाबून धरतो, कंबर सरळ ठेवून जितकं हळू जमेल तितकं पुढे पडायचं, शेवटी हातांनी झेलायचं आणि हातांनीच ढकलून परत वर यायचं.
पहिला आठवडा: एकदाच, २ सेट, ५-५.
दुसरा: दोनदा, २ सेट, ६-६.
तिसरा: तीनदा, ३ सेट, ६ ते ८.
चौथा: तीनदा, ३ सेट, ८ ते १०.
पाचवा ते दहावा: तीनदा, ३ सेट, १२-१०-८.
पुढे मोसमभर आठवड्यातून एकदा.
२०११ मध्ये डेन्मार्कचे ५० संघ, ९४२ खेळाडूंवर हेच करून पाहिलं. ज्यांची आधी गेली होती त्यांनाच सगळ्यात जास्त फायदा झाला. आणखी काय पाहिजे?

धावपट्टी
पाहिजे ते हे, की खेळाडू सरावात खरोखर पळतो का. पाय जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी, नडगी पुढे फेकली जात असताना, तिला लगाम घालायचं काम हॅमस्ट्रिंगचं. ताणली जात असतानाच जोर लावते. वेग पूर्ण असेल तेव्हाच हा भार पूर्ण येतो. गुडघ्यावर बसून पुढे पडण्यात तो येत नाही, कंबर तर जागची हलतही नाही.

फुटाळा, सरावात काय घेता? ४ विरुद्ध ४, पंचवीस बाय वीस मीटरमध्ये? तेवढ्या जागेत ताशी २५ किलोमीटरच्या वर कोणी जातच नाही. थांबणं-वळणं भरपूर, पण पूर्ण वेग आठवडाभरात एकदाच, तोही सामन्यात.

तर्रीपोहा
म्हणजे नॉर्डिक बेकार? वा.

धावपट्टी
बेकार कोण म्हणालं. एकटं पुरत नाही म्हणालो.

वर्धारोडचा_योगी
रोज सकाळी पश्चिमोत्तानासन, पाच मिनिटं धरून. स्नायू लवचिक झाला की तुटत नाही. साधी गोष्ट आहे.

सांधेदुरुस्ती
योगीजी, वरची टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, दुखावलेली असेल तर पुढे वाकून ताण धरला की ती बसायच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. लवचिकता कमी म्हणूनच जाते असंही नाही. आधी एकदा गेलेली असणं आणि वय, ही दोन कारणं त्याच्या पुष्कळ वर. निरोगी खेळाडूने आसन जरूर करावं, या दोघांना तूर्त नको.

संत्रागल्ली
केळी आणि लिंबू-मीठ पाणी. नागपूरच्या उन्हात क्षार जातात, मांडी आखडते.

धावपट्टी
तो पेटका. ताणल्यावर सुटतो आणि पोरगा पाच मिनिटांत परत पळतो. इथे तंतू फाटतोय. लिंबूपाणी चांगलंच आहे, पण दुसऱ्या धाग्यावर.

फुटाळा७
एकेक सांगतो. दोघांची तीच मांडी, पळतानाच गेली. सराव बहुतेक रोंडो (गोल करून मधल्याला चकवत पास देणं) आणि छोटे गेम, कोचला तेच आवडतं. वेग मोजणारी जीपीएस जाकिटं आहेत. नॉर्डिक आम्ही करतोच, शनिवारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे स्नायू जागा राहतो. पहिल्या दुखापतीनंतर दोघांना स्प्रिंट बंदच केल्यात, धोका नको म्हणून. दुखणं गेलं की खेळवतो.

धावपट्टी
शनिवारी!! नॉर्डिकची ठणक दुसऱ्या दिवशी असते, कधीकधी तिसऱ्याही. म्हणजे रविवारी ठणकती मांडी घेऊन उतरतात. ज्यांना सगळ्यात जास्त सवय पाहिजे त्यांच्याच स्प्रिंट बंद. आठवडाभर ताशी २० ने पळणारा पोरगा रविवारी एकदम ३२ ने पळणार, तर काय होणार?

रविवारचा सामना धरून मांडणी: सोमवारी हलकं. मंगळवारी सुटी. बुधवारी वॉर्मअपनंतर लगेच, दमायच्या आत, उडत्या स्प्रिंट: २० मीटर वेग पकडायला, पुढचे २० मीटर पूर्ण. तीन ते चार, मधे दोन-तीन मिनिटं पूर्ण विश्रांती. जीपीएसवर त्या खेळाडूच्या स्वतःच्या सर्वोच्च वेगाच्या ९० टक्क्यांवर गेला का ते बघायचं. संघाची सरासरी कामाची नाही. सराव संपल्यावर त्याच दिवशी नॉर्डिक. गुरुवारी मोठ्या मैदानावर खेळ. शुक्रवारी हलकं, शनिवारी नॉर्डिकला हात लावायचा नाही. मधे बुधवारी सामना आला तर नॉर्डिक २ सेट, ४-४, एवढंच, पण बंद करायचं नाही. पंधरा दिवस सोडलं की पहिल्यासारखी ठणक आणि पोरांची कुरकुर परत.

लेफ्टबॅक
मैदानाचं कोणी बोलत नाही? आपली काळी माती. पावसात बुटाला किलो-किलो चिकटते, उन्हाळ्यात दगड होते, भेगांत स्टड अडकतो. लांब स्टडचे बूट घालून कडक जमिनीवर पळवू नका, छोट्या गोल स्टडचे घ्या. आणि डिसेंबरात पहाटे सहाला पोरं थंडीत कुडकुडत थेट शूटिंगला लागतात. फिफा ११ प्लस हा वॉर्मअप वीस मिनिटांचा आहे, तो पूर्ण घ्या, शेवटच्या धावांसकट.

सक्करदरा_आई
मुलगा १३ वर्षांचा, फुटबॉल खेळतो, गुडघ्याखाली हाडाचा टेंगूळ आलाय आणि दुखतो. हॅमस्ट्रिंगच असेल का?

सांधेदुरुस्ती
ताई, बहुतेक नसावं. वाढीच्या वयात गुडघ्याच्या वाटीची टेंडन जिथे नडगीला जोडते तिथे असं होतं. उड्या-पळणं कमी करा आणि एकदा दाखवून घ्या. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.

फुटाळा भाऊ, एमआरआयचं उत्तर राहिलं.

फुटाळा७
विंगरचा झालाय, रामदासपेठेत. अहवालात स्नायूच्या आतल्या टेंडनचं काहीतरी आहे, पण फार मोठं नाही असं कळलं म्हणून लिहिलं नाही.

सांधेदुरुस्ती
हेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं! स्नायूच्या पोटात शिरणारी टेंडन फाटली असेल तर ब्रिटिश अ‍ॅथलेटिक्सच्या वर्गवारीत तिला आकड्यापुढे "सी" लागतो. आकडा ० ते ४, किती फाटलं त्याचा. अक्षर कुठे फाटलं त्याचं: ए बाहेरच्या आवरणात, बी स्नायू-टेंडनच्या सांध्यात, सी टेंडनमध्ये. "सी" परत जाण्याचं प्रमाण जास्त, कारण दुखणं स्नायूच्या वेळापत्रकाने थांबतं आणि टेंडन अजून जुळत असते. तुमचा नियम आहे दुखणं गेलं की खेळवतो. या पोराला नेमका तोच नियम नडलाय. अहवाल क्रीडावैद्यकवाल्याला दाखवा आणि टेंडनची किती जाडी तुटलीय ते विचारा.

खेळवण्याआधी एवढं तरी:
सरळ पाय उचलल्यावर दोन्ही बाजूंचा कोन सारखा, दाबल्यावर दुखरी जागा नाही.
ताकद: यंत्र नसेल तर बीपीचा पट्टा. पाठीवर झोपवा, टाच खुर्चीवर, खाली पट्टा, आधी २० पर्यंत हवा. टाच जोरात दाबायला सांगा, आकडा लिहा. गुडघा ९० अंशांत एकदा, ३० अंशांत एकदा. चांगल्या पायापेक्षा १० टक्क्यांहून जास्त कमी असेल तर थांबा. ३० अंशांत जास्त फरक सापडतो, कारण तिथे स्नायू लांबलेला असतो.
मग शेवटी, वरच्या सगळ्यात काही दुखलं नाही तरच: गुडघा ब्रेसने सरळ बांधून पाय झटक्यात वर उचलायला लावा. दुखलं नाही पण मनात धाकधूक वाटली तरी नापास.
त्यानंतर धावा ६०, ८०, ९०, १०० टक्के, प्रत्येक पायरी वेगळ्या दिवशी, दुसऱ्या सकाळी कडकपणा नसेल तरच पुढची. आणि संघाबरोबर पूर्ण सराव झाल्याशिवाय सामना नाही.

परत जाणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश पहिल्या दोन महिन्यांतच जातात, युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, क्लबांच्या अभ्यासात हेच दिसलंय. तेव्हा उतरल्यानंतरही दोन महिने हा पट्टा दर आठवड्याला.

तर्रीपोहा
युरोपातही हॅमस्ट्रिंगचा वाटा वाढलाच ना पण? २००१-०२ ला सगळ्या दुखापतींत १२ टक्के, २०२१-२२ ला २४. एवढे फिजिओ असून.

धावपट्टी
सामने वाढले, खेळ वेगवान झाला. आणि तुझं नॉर्डिक पूर्ण कार्यक्रमाने करणारे क्लब तिथेही थोडेच आहेत, हेही सांग.

फुटाळा७
सगळं पटलं. पण रविवारचं काय? मॅनेजमेंटला "टेंडन" सांगून भागत नाही.

सांधेदुरुस्ती
टेंडन सांगू नका, हिशोब सांगा. रविवारी खेळवला आणि परत गेला तर उरलेला मोसम त्याच्याविना. आत्ता थांबवला तर शेवटचे सामने मिळतील. शब्द देऊ नका, पट्ट्याचा आकडा आणि जीपीएसचा वेग कागदावर लिहून समोर ठेवा. आकडा नसला की निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याचा होतो.

फुटाळा७
बरं. पट्टा आज आणतो, शनिवारचं नॉर्डिक बुधवारी टाकतो. एकच अडचण, बावीस जणांचे घोटे धरायला माणसं कुठून आणू? जोडीदार अर्ध्यात हसतात आणि सोडून देतात.

लेफ्टबॅक
स्टँडमधल्या पायरीला पक्का लोखंडी पाइप असेल तर त्याखाली टाचा अडकवा, घोट्यावर टॉवेलची घडी. पाइप हलतो का ते आधी स्वतः वजन टाकून बघा.

संत्रागल्ली
केळ्यांचं कोणीच मनावर घेतलं नाही.