बोर्दोची व्हाईट वाईन: ब्लेंड म्हणजे हलकी का?

सागरगोटा:
मंडळी, वर्षभर कामासाठी फ्रान्समध्ये तूलूझला आहे. काल सुपरमार्केटातनं बोर्दोची एक व्हाईट आणली, आंत्र-द्यू-मेर लिहिलंय, पुढच्या लेबलवर द्राक्षाचं नावच नाही, मागे बारीक अक्षरात सोव्हिन्यों, सेमियों आणि म्युस्कादेल अशी तीन. मला नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांकची सवय, तिथे एक जात एक बाटली. पुढच्या आठवड्यात आईबाबा येतायत, बाबा म्हणतात मिसळलेली म्हणजे उरलंसुरलं एकत्र केलेलं. खरंच तसं असतं का? आणि माशाबरोबर चालेल का?

गारोनकाठ:
अजिबात नाही हो! बोर्दोत मिसळणं हीच मूळ रीत आहे. सोव्हिन्यों आंबटपणा आणि लिंबू-पपनसासारखा वास देतं पण एकटं असलं की जरा टोकदार लागतं, सेमियों त्याला अंग देतं, जिभेवर थोडं मेणासारखं, आणि बाटलीत मुरलं की मधाकडे झुकतं. म्युस्कादेल अगदी थोडं, फुलांच्या वासापुरतं. शिवाय इथे समुद्र जवळ, पाऊस कधीही येतो, जाती वेगवेगळ्या वेळी पिकतात म्हणून एकीला पावसाने गाठलं तरी दुसरी हाताशी राहते. आंत्र-द्यू-मेर म्हणजे दोन समुद्रांच्या मधला भाग, पण ते समुद्र म्हणजे खरं तर गारोन आणि दोर्दोन्य नद्या, भरतीचं पाणी त्यांच्यात पार आतपर्यंत चढतं.

खडीवरचा:
बाबांना पटवायचं तर पेसाक-लेओन्यांची एखादी पाजा, महाग आहे पण एकदा घ्याच. बोर्दो शहराला लागूनच आहे, 1987 साली ग्राव्ह नावाच्या वाईनच्या पट्ट्यातून वेगळी केली. ग्राव्ह म्हणजे खडी, जमीनच तशी. तिथे बरेच जण रस ओकच्या पिपात आंबवतात आणि तळाचा यीस्टचा गाळ काठीने ढवळत राहतात, त्याने वाईनला साय आल्यासारखा जाडपणा येतो. चांगली बाटली दहा वर्षं सहज टिकते. आणि याच द्राक्षांची सोतेर्न होते हे बाबांना जरूर सांगा, थंड सिरोन नदी गारोनला मिळते तिथे शरदात सकाळी धुकं धरतं, द्राक्षांवर बुरशी येते, दाणे मनुकांसारखे सुकतात आणि त्यातनं ती गोड वाईन. बोर्दोच्या वाईन्सच्या 1855 च्या प्रतवारीत सोतेर्नच्याच शातो दिकेम या मळ्याला सगळ्यांच्या वरचा मान दिला तो याच गोड वाईनसाठी.

कालवंवाली:
मासा चालेल का काय विचारता, बोर्दोजवळच्या आर्काशोंच्या खाडीवर लोक ही वाईन कालवांबरोबरच पितात! माझं माहेर मालवणचं, आर्काशोंला बसून पहिलं कालव तोंडात टाकलं आणि वर एक घोट घेतला तेव्हा डोळ्यात पाणी आलं, तोच खारटपणा. आईंना साधा रवा लावून तळलेला मासा करू द्या, तिखट रश्शाबरोबर मात्र नको, वास मरतो. आणि फार गार करू नका, मी पहिली बाटली फ्रीजरमध्ये ठेवलेली तर नुसतं आंबट पाणी लागलं. साधी 8-10 डिग्री, ओकवाली 10-12.

सागरगोटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता परत ओतून बघितली, फ्रीजमधनं काढून वीस मिनिटं ओट्यावर ठेवली होती. आधी लिंबाची साल, मग ग्लास हातात जरा कोमट झाला तसा मागून मेणबत्ती विझवल्यावर येतो तसला हलका वास आला, तेच सेमियों असणार ना? पेसाकची एक बाटली शनिवारी आणतो, बाबांसमोर दोन्ही शेजारी शेजारी ठेवीन.